माइल्स एकाचे, तिकीट दुसऱ्याचं

'माझ्या खात्यात माइल्स पडून आहेत, ते अप्पांच्या खात्यात टाकता येतील का?' दुबईत, दोह्यात किंवा न्यू जर्सीत नोकरी करणारी आपल्या भागातली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. याचं उत्तर असं, की टाकता येतात, पण बहुतेक वेळा टाकायची गरजच नसते. माइल्स आहेत तिथेच ठेवायचे आणि तिकीट अप्पांच्या नावाने काढायचं, हा सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक मार्ग. तो सोडून लोक भलतीकडे जातात. कोणी माइल्स इकडून तिकडे हलवायला पैसे भरतो, कोणी एजंटाला पासवर्ड देतो, कोणी अनोळखी माणसाकडून माइल्सवर काढलेलं स्वस्त तिकीट विकत घेतो. पुढे काही बिनसलं तर त्याची झळ एकट्या खातेदाराला बसत नाही. काउंटरवर अडकतात ते म्हातारे आई-वडील. म्हणून हा व्यवहार कसा चालतो ते मुळापासून समजून घेतलेलं बरं.

आपला भाग म्हणजे बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातलं मेहकर आणि आजूबाजूची सीमेवरची गावं. बुलढाण्याचं मेहकर वेगळं. इकडे विमान उशिराच आलं. कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला आणि बिदरहून प्रवासी सेवा ७ फेब्रुवारी २०२० ला. बिदरचं विमान बंगळुरूचं, आणि तेही मध्यंतरी बंद पडलं होतं. परदेशी जायचं तर आपल्याला हैदराबादचं शमशाबाद गाठावं लागतं. मार्च २००८ पासून तोच आपला मोठा विमानतळ. दुबई, दोहा, लंडन इथे तिथून थेट विमानं जातात. त्यामुळे आपल्या घरांमधला विमानप्रवास मोजकाच असतो, पण लांब पल्ल्याचा असतो, आणि दर वेळी ज्याचं तिकीट स्वस्त त्या कंपनीने होतो. थोरल्याचे माइल्स एमिरेट्सकडे, लेकीचे युनायटेडकडे, अप्पांच्या एका वारीचे कतार एअरवेजकडे. प्रत्येक खात्यात थोडे थोडे, आणि कुठेच पुरेसे नाहीत. ते एकत्र करावेत असं वाटणं साहजिक आहे.

आधी माइल म्हणजे काय ते पाहू. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला 'अॅडव्हांटेज' ही योजना काढली, तेव्हा माइल खरोखर अंतरावर मिळत असे. जितके मैल उडालात, तितके खात्यात जमा. आता बऱ्याच कंपन्या तिकिटाला किती पैसे मोजले त्यावर गुण देतात. एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये हाच बदल केला. पुढे १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराच्या सभासदांचे गुणही एअर इंडियाच्या योजनेत आले. तिचं आजचं नाव 'महाराजा क्लब'. इंडिगोनेही २०२४ च्या अखेरीस 'ब्लूचिप' नावाची योजना काढली. कोणी याला माइल्स म्हणतं, कोणी पॉइंट्स, कोणी एव्हिओस. व्यवहार तोच.

हे माइल्स तुमच्या खात्यात दिसतात, पण ते तुमच्या मालकीचे नसतात. जवळपास प्रत्येक योजनेच्या अटींमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं. साखर कारखान्याच्या सभासदाला सवलतीच्या दराने साखर मिळते, तसा हा प्रकार आहे. कार्ड सभासदाच्या नावाचं, पण यंदा किती किलो द्यायची, कधी द्यायची आणि द्यायची की नाही, हे कारखाना ठरवतो. आपल्या डोळ्यांदेखत हे घडून गेलेलं आहे. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात बंद पडली आणि 'किंग क्लब'चे माइल्स वापरायला विमानच उरलं नाही. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं. जेटची माइल्सची योजना वेगळ्या कंपनीकडे होती, म्हणून ती 'इंटरमाइल्स' या नावाने तगली. पण ज्यांनी जेटच्या परदेशी तिकिटासाठी वर्षानुवर्षं साठवले होते, त्यांना ते तिकीट काही मिळालं नाही.

अमेरिकेतही सभासदाच्या हाती फारसं काही नाही. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने बिन्योमिन गिन्सबर्ग या रब्बींचं सभासदत्व २००८ मध्ये रद्द केलं. ते वारंवार तक्रारी करतात, असं कंपनीचं म्हणणं होतं. कंपनीने सचोटीने वागायला हवं होतं, या मुद्द्यावर ते लढले. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की विमानसेवा नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यापुढे असा राज्याच्या कायद्यावर आधारलेला दावा टिकत नाही. म्हणून माझं मत असं, की माइल्स साठवण्यात फार जीव गुंतवू नये. घरातल्या माणसांसाठी, नियमात राहून, लवकर वापरून टाकावेत.

आता जमा होण्याचं. इथे एक गैरसमज जागोजागी दिसतो. अप्पांच्या तिकिटावर मुलगा स्वतःचा सभासद क्रमांक टाकतो, म्हणजे माइल्स आपल्याकडे येतील. तसे ते येत नाहीत. तिकिटावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं तरच माइल्स जमा होतात. पैसे कोणी भरले याच्याशी त्याचा संबंध नाही, जो खुर्चीत बसला त्याचे माइल्स. म्हणून पहिल्याच प्रवासाआधी आई आणि अप्पा दोघांची स्वतंत्र खाती उघडावीत. ती फुकट उघडतात. प्रवास होऊन गेल्यावरही काही महिने माइल्स मागता येतात, त्यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवायचा असतो. आपल्याकडे तो घरी पोचेपर्यंत कचऱ्यात गेलेला असतो.

खातं उघडताना खरी मेख नावात आहे, आणि सीमाभागात ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. बिदर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, पुढचं शाळेचं शिक्षण मराठीत, तालुका कचेरीचे कागद कन्नडात आणि पासपोर्ट रोमन लिपीत. एकाच माणसाचं नाव प्रत्येक लिपीतून दुसरीत जाताना थोडं थोडं बदलत गेलं. बिरादार हे आडनाव घ्या. कोणाच्या आधारकार्डावर त्यात एक 'एच' जास्तीचा आहे, तर भावाच्या पासपोर्टवर तो नाही. पाटीलमध्ये कोणी 'आय' लिहितं, कोणी दोन 'ई'. एकाने वडिलांचं नाव मधल्या नावात लिहिलं, दुसऱ्याने ते आपल्याच नावाला जोडून टाकलं. विमान कंपनीच्या संगणकाला हे सगळे वेगवेगळे लोक वाटतात. म्हणून माइल्सचं खातं उघडताना आधारकार्ड बाजूला ठेवा, पासपोर्ट समोर घ्या आणि त्यावरचं नाव अक्षर न अक्षर उतरवून घ्या.

त्याहून मोठी अडचण म्हणजे पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असणं. जुन्या पिढीतल्या पुष्कळ बायाबापड्यांचे पासपोर्ट असे आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने नियम केला, की पासपोर्टवर एकच नाव असलेल्या माणसाला पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर आत घेतलं जाणार नाही. भारतातल्या विमान कंपन्यांनी तशी परिपत्रकं काढली. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, अशी सवलत मागाहून मिळाली. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाचं एकमेव नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. मग तिकिटावर एक तऱ्हा, व्हिसावर दुसरी, माइल्सच्या खात्यावर तिसरी असा घोळ होतो. आई-वडिलांना पुढची काही वर्षं ये-जा करायची असेल, तर आधी पासपोर्ट नव्याने काढून त्यात आडनाव घालून घ्यावं. खात्यावरचं नाव दुरुस्त करायचं तर कंपनीला पासपोर्टची प्रत पाठवावी लागते. ते काम खातं रिकामं असतानाच उरकावं. भरपूर माइल्स जमल्यावर नाव बदलायचा अर्ज आला, की कंपनी साहजिकच संशयाने पाहते.

आता वाटून घेण्याचे मार्ग. पहिला सुरुवातीलाच सांगितला. खातं मुलाचं, माइल्स मुलाचे, पण प्रवासी म्हणून नाव अप्पांचं. बऱ्याच कंपन्यांत असं तिकीट कोणासाठीही काढता येतं. काहींत मात्र माणसं आधी नोंदवावी लागतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या 'क्रिसफ्लायर'मध्ये पाच जणांची यादी करावी लागते आणि खातेदार स्वतः सोडून फक्त त्याच पाचांसाठी तिकीट निघतं. ही यादी भरताना मित्राचं, सहकाऱ्याचं नाव घालून बसू नका. नंतर बदलायला शुल्क पडतं, आणि ऐन वेळी आईचं नाव यादीत नसतं.

दुसरा मार्ग म्हणजे घराचं सामाईक खातं. एमिरेट्सच्या 'माय फॅमिली'मध्ये एक जण कुटुंबप्रमुख होतो आणि आठ जणांपर्यंत घरची माणसं जोडता येतात. आपल्या मिळकतीतले किती टक्के माइल्स घराच्या खात्यात जावेत हे प्रत्येक जण ठरवतो, हवं तर शंभर टक्केही. वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या आई-वडिलांचे तुटपुंजे माइल्स यामुळे वाया जात नाहीत. आपल्या भागातली पुष्कळ माणसं आखातात असल्याने ही सोय उपयोगाची आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खर्चाची किल्ली प्रमुखाच्या हातात असते, आणि घराच्या खात्यात टाकलेले माइल्स सदस्य बाहेर पडला तरी परत निघत नाहीत. लग्न होऊन वेगळी झालेली बहीण, वाटण्या झालेले भाऊ यांच्यात हा वादाचा विषय होऊ शकतो. दर्जाचे माइल्स, म्हणजे ज्यांच्यावर सिल्व्हर-गोल्ड ठरतं ते, सामाईक होत नाहीत. ते ज्याचे त्याचेच.

ब्रिटिश एअरवेजची तऱ्हा वेगळी आहे आणि ती नीट न समजता जोडणारे फसतात. तिथे एका पत्त्यावर राहणाऱ्या सात जणांचं घरगुती खातं होतं. तिकीट काढताना एव्हिओस एकाच्याच खात्यातून जात नाहीत, सगळ्यांच्या खात्यांतून प्रमाणात वळते होतात. समजा मुलाकडे ५०,००० आहेत, सुनेकडे ३०,००० आणि सासूबाईंकडे २०,०००. तिकिटाला ४०,००० लागले. तर मुलाचे २०,०००, सुनेचे १२,००० आणि सासूबाईंचे ८,००० जातील. आधी आईचे वापरू, माझे राहू देत, असं ठरवायची सोय नाही. शिवाय घरगुती खात्यात शिरलात की तुम्हाला घरातल्या माणसांसाठी आणि वेगळ्या नोंदवलेल्या पाच नातेवाईक-मित्रांसाठीच तिकीट काढता येतं. बाहेर पडून पुन्हा दुसरीकडे जुळायचं तर सहा महिने थांबावं लागतं. मुलगा लंडनला आणि आई-वडील मेहकरला असतील, तर पत्ताच जुळत नाही. खोटा पत्ता घालून जुळवू नका. त्यांना पाच जणांच्या यादीत घेतलं की काम भागतं. एव्हिओसची एक चांगली सोय मात्र सांगायला हवी. ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेज दोघांचं चलन २०२२ पासून तेच आहे, आणि एकाच माणसाच्या दोन्हीकडच्या खात्यांत ते फुकट फिरवता येतं. खातेदाराचं नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे सारखी हवी. म्हणजे पुन्हा नावाची मेख आली.

एअर इंडियाच्या योजनेतही घरच्यांचे गुण एकत्र करायची सोय आहे. युनायटेडने मार्च २०२४ पासून पाच जणांना माइल्स एकत्र करू द्यायला सुरुवात केली, तेही फुकट.

तिसरा मार्ग म्हणजे एका खात्यातून दुसऱ्यात सरळ बदली. लोकांच्या डोक्यात पहिल्यांदा हाच येतो, आणि बहुतेक वेळा हाच सगळ्यात वाईट असतो. युनायटेडचा दर प्रत्येक ५०० माइल्सना साडेसात डॉलर आणि वर ३० डॉलर प्रक्रिया शुल्क असा राहिला आहे. १०,००० माइल्स हलवायचे तर १५० अधिक ३०, म्हणजे १८० डॉलर. डेल्टाचा दर माइलला एक सेंट अधिक ३० डॉलर, म्हणजे तितक्याच माइल्सना १३० डॉलर. आता एका माइलची किंमत साधारण एक सेंट धरली, तर १०,००० माइल्सची किंमत होते १०० डॉलर. शंभराची वस्तू हलवायला एकशे तीस किंवा एकशे ऐंशी मोजायचे, यात कसला फायदा? एका तिकिटाला अगदी थोडे माइल्स कमी पडताहेत, दुसरा इलाज नाही, आणि रोखीचं तिकीट फारच महाग आहे, एवढ्याच वेळी या वाटेला जावं.

मग वेगवेगळ्या कंपन्यांत विखुरलेल्या माइल्सचं काय करायचं? एमिरेट्सचे माइल्स युनायटेडमध्ये जात नाहीत. इथे खाती जोडायच्या मागे न लागता प्रवासाचे तुकडे करावेत. माइल्सवर एकेरी तिकीट मिळतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. समजा आई-अप्पांना न्यू जर्सीला लेकीकडे जायचं आहे. लेकीकडे युनायटेडचे माइल्स आहेत, थोरल्याकडे एमिरेट्सचे. एअर इंडिया जुलै २०१४ पासून युनायटेडच्याच स्टार अलायन्स या गटात आहे, त्यामुळे युनायटेडचे माइल्स एअर इंडियाच्या विमानावर चालतात. जागा असेल तर हैदराबादहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे जाण्याची दोन्ही तिकिटं लेक आपल्या खात्यातून काढेल. येताना दुबईमार्गे थोरला काढेल, म्हणजे वाटेत चार दिवस त्याच्याकडे थांबणंही होईल; दुबईचा व्हिसा तेवढा आधी काढून ठेवायचा. माइल्स कुठेच हलले नाहीत, बदलीचा एक पैसा गेला नाही.

हे करताना वाटणी दिशेने करा, माणसाने करू नका. आईचं तिकीट लेकीच्या माइल्समधून आणि अप्पांचं मुलाच्या, असं केलं तर दोघांची नोंदणी वेगळी होते. विमान रद्द झालं, जोडविमान चुकलं, तर संगणक एकाला आजच्या विमानात बसवेल आणि दुसऱ्याला उद्याच्या. इंग्रजी-हिंदी बेताची असलेल्या, साठी-सत्तरी ओलांडलेल्या जोडप्यावर परक्या विमानतळावर ही पाळी येऊ देऊ नये. जाणं-येणं दोन कंपन्यांनी असेल तर परतीच्या तिकिटाचा छापील कागद हातात द्या. अमेरिकेत उतरल्यावर अधिकारी परत कधी जाणार हे विचारतात, आणि पहिल्या कंपनीच्या नोंदणीत परतीचं विमान दिसत नाही.

माइल्सचं तिकीट सगळं फुकट नसतं हेही आधीच समजावून सांगावं. विमानतळाचे कर आणि काही कंपन्यांचा इंधन अधिभार रोख भरावा लागतो. लंडनमार्गे ब्रिटिश एअरवेजने जायचं तर हा आकडा चांगलाच मोठा होतो. युनायटेडच्या माइल्सवर एअर इंडियाने गेलं तर अधिभार लागत नाही. तीच दोन माणसं, तेच अंतर, पण खिशातून जाणारी रक्कम कितीतरी वेगळी. माइल्स किती लागतात याबरोबर वर रोख किती हेही पाहूनच कोणाच्या खात्यातून काढायचं ते ठरवा.

चौथा मार्ग आहे विक्रीचा, आणि तो नकोच. शहरातून, समाजमाध्यमांवरून 'अर्ध्या किमतीत बिझनेस क्लास' असे निरोप फिरतात. त्यातली बरीचशी तिकिटं दुसऱ्या कोणाच्या तरी माइल्सवर काढलेली असतात. माइल्स विकणं, विकत घेणं, अदलाबदल करणं याला जवळपास सगळ्या कंपन्यांची बंदी आहे. कंपनीला संशय आला की ती खातं गोठवते, उरलेले माइल्स जप्त करते आणि निघालेली तिकिटं रद्द करते. रद्द होण्याची वेळ बहुधा वाईटच असते. जाताना सुखरूप गेलेल्या माणसाला परतीच्या दिवशी कळतं, की आपलं तिकीटच राहिलेलं नाही. काउंटरवर कधी कधी विचारतात, हे तिकीट ज्याच्या खात्यातून निघालं तो तुमचा कोण? मुलाचं नाव सांगणाऱ्या बापाला अडचण नाही. दलालाने पाठवलेल्या तिकिटावर बसलेल्या माणसाला मात्र ते नावही माहीत नसतं. आणि ते माइल्स चोरीचे असले तर मामला नुसत्या रद्द तिकिटावर थांबत नाही. युरोपोल या युरोपातल्या पोलीस यंत्रणेच्या पुढाकाराने जगभरच्या विमानतळांवर चोरीच्या कार्डांवर आणि फसवणुकीने काढलेल्या तिकिटांवर प्रवास करणाऱ्यांविरुद्ध मोहिमा निघतात, आणि त्यात अडवला जातो तो प्रवासी.

सख्ख्या-चुलत भावांत, मित्रांत 'माझे माइल्स घे, मला एवढे पैसे दे' असं चालतं. अटींच्या भाषेत तीही विक्रीच. नात्यातल्या माणसाला तिकीट द्यायचं असेल तर भेट म्हणून द्यावं, माइलमागे दर लावू नये.

आता खात्याच्या राखणीचं. बहुतेक आई-वडिलांचं तिकीट एजंट काढतो, आणि सोयीसाठी स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल नंबर भरतो. त्याच ओघात माइल्सचं खातंही त्याच्या ईमेलवर उघडतं. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्याकडे असतो आणि माइल्स कधी गेले ते घरच्यांना कळतही नाही. सगळे एजंट वाईट असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. व्हिसाच्या कामात त्यांचा मोठा आधार असतो. पण खातं घरच्याच माणसाच्या ईमेलवर असावं आणि नंबर आई-वडिलांचा स्वतःचा असावा, एवढं पाहून घ्या.

दुसरं म्हणजे बोर्डिंग पासचा फोटो. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या अप्पांचा पास हौसेने स्टेटसला टाकला जातो. त्यावरच्या चौकोनी बारकोडात नाव, नोंदणीचा सहा अक्षरी क्रमांक आणि घातलेला असेल तर सभासद क्रमांकही असतो. साध्या मोबाइलने तो वाचता येतो. नोंदणी क्रमांक आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तिकीट उघडतं, मग कोणी परतीच्या प्रवासात ढवळाढवळ करू शकतं. फोटो टाकायचाच तर विमानाच्या खिडकीचा टाका. माहिती कंपन्यांकडूनही फुटते. एअर इंडियाची प्रवासी माहिती सांभाळणाऱ्या सिटा या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेल्याचं मे २०२१ मध्ये जाहीर झालं. त्यात सभासद क्रमांक होते, पासवर्ड नव्हते. तरी माइल्सच्या खात्याचा पासवर्ड ईमेलच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी शिल्लक पाहावी.

मुदतीचंही पाहावं लागतं. एमिरेट्सचे आणि सिंगापूरचे माइल्स तीन वर्षांत संपतात, मध्ये प्रवास केला तरी जुने ते जुनेच. एव्हिओस ३६ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर जातात, थोडेसे जमा झाले तरी मुदत पुढे सरकते. युनायटेड आणि डेल्टाचे माइल्स मुदतीने संपत नाहीत. म्हणून घरात ठरवताना एमिरेट्सचे आधी उडवा, युनायटेडचे मागे ठेवा.

आणि एक गोष्ट, जी घरात कोणी बोलत नाही. बँकेच्या खात्याला वारस लावता येतो, तसा माइल्सना बहुतेक ठिकाणी लावता येत नाही. डेल्टाच्या अटींत सभासदाच्या मृत्यूनंतर माइल्स दुसऱ्याकडे जात नाहीत असं म्हटलेलं आहे. काही कंपन्या मृत्यूचा दाखला पाहून आपल्या मर्जीने देतात. वडील गेल्यावर त्यांच्या पासवर्डने शिरून तिकीट काढणं अटींचा भंग ठरतं आणि तेही तिकीट रद्द होऊ शकतं. वय झालेल्या माणसाच्या खात्यात माइल्स साठवून ठेवू नयेत. त्यांचे त्यांच्याच प्रवासाला आधी वापरावेत, किंवा सामाईक खात्यात जाऊ द्यावेत.

तिकीट निघालं म्हणजे काम संपलं असं नाही. नोंदणीचा सहा अक्षरी क्रमांक आला म्हणजे नुसती जागा धरली गेली. तेरा अंकी तिकीट क्रमांक आला म्हणजे खरं तिकीट निघालं. त्याचे पहिले तीन अंक कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, कतारचे १५७, ब्रिटिश एअरवेजचे १२५. युनायटेडच्या माइल्सवर एअर इंडियाचं विमान असेल तर तिकीट युनायटेडचं, म्हणून क्रमांक ०१६ ने सुरू होतो. अशा वेळी एअर इंडियाचा वेगळा सहा अक्षरी क्रमांकही मागून घ्या आणि त्यांच्या संकेतस्थळावर दोघांची नावं, व्हीलचेअरची मागणी आणि जेवण नोंदलं आहे का ते पाहा. प्रवास महिनोन्‌महिने पुढचा असेल तर दर पंधरवड्याला एकदा ही नोंदणी उघडून वेळ बदलली का ते तपासा, कारण बदलाचा निरोप माइल्सच्या खातेदाराला जातो. तो न्यू जर्सीत झोपलेला असताना अप्पा इकडे भालकीहून शमशाबादच्या गाडीत बसलेले असू शकतात. म्हणून संपर्काच्या रकान्यात त्यांचाही नंबर घाला, आणि गावातल्या एका लिहित्या-वाचत्या पुतण्याचाही.